कच्ची की भाजलेली

ती केस मी विसरलेले नाही. विसरायचा प्रयत्न करून झाला.

नवरा पोलिसात असताना वारला, म्हणून चौथी शिकलेल्या मला बडोद्यात शिपाई म्हणून घेतलं. ही केस झाली तेव्हा, नव्वदच्या दशकात, मी जमादार होते. गॅसबत्तीच्या जाळ्या, म्हणजे मेंटल, बनवणाऱ्या एका बंद कारखान्यातून किरणोत्सर्गी पावडरचा डबा चोरीला गेला होता. खबर पाणीगेट भागातल्या एका बाईने दिली. “शेजारच्या खोलीत भांडी घासायची म्हणून कसली तरी पावडर चाळतात. धुळीने जीव नको झालाय.”

छाप्यात डबा मिळाला, माणूस मिळाला. मुंबईहून बोलावलेल्या किरणोत्सर्गाच्या तज्ज्ञांनी मग आम्हाला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

“अंगावरची धुता येते, बाई. श्वासातून गेलेली आत बसते,” ते म्हणाले. “किती गेली त्याला गुणकाने गुणायचं, म्हणजे शरीराला किती मार बसला ते कळतं. पण पावडर कच्ची की भाजलेली, त्यावर गुणक बदलतो. बाळाचा तर मोठ्यांपेक्षा जास्त. ती कुठली होती आणि कुणाकुणाच्या श्वासात गेली, ते विचारून आणा.”

आरोपी म्हणाला, “कच्चीच होती, बेन. मीच चाळली. बायको बाळंतपणाला पियरला होती. सकाळीच आली.”

न विचारता सगळं अंगावर घेणारा आरोपी कुणाला तरी झाकत असतो. बायको ठाण्याच्या बाकावर तान्ह्याला घेऊन बसली होती. बाळंतीण पियरहून, म्हणजे माहेराहून, परतताना तिला पाळणा, झबली मिळतात. इथे त्याला जियाणं म्हणतात.

“जियाणात काय काय दिलं गं?”

“कसलं जियाणं! पियरचं कोणी फिरकलंच नाही. सुवावड इथेच झाली, त्याच खोलीत जन्मला हा,” ती फणकाऱ्याने बोलून गेली.

मी आत आरोपीकडे गेले. “स्वतःसाठी खोटं बोल, मला सवय आहे. साहेबांना तुझ्या पोराचा हिशेब करायचाय.”

त्याने मान खाली घातली. “ओल लागलेली. शेगडीवर भाजली. चाळायला तीच बसायची. पाळणा बाजूलाच. छोकऱ्याचं कळलं असतं तर मला कोणी सोडलं असतं?”

तज्ज्ञांनी गुणक बदलून पुन्हा आकडे मांडले. बाळाच्या आकड्यावर पेन्सिल थांबली. “याची तपासणी वर्षानुवर्षं करावी लागेल.”

“छोकरा नव्हताच म्हटलं असतं तर?” त्याच्या बायकोने मला विचारलं.

“कागदावर त्याच्यापुढे शून्य आलं असतं. मग त्याला तपासलंच नसतं कुणी.”

तिने पदराने बाळाचं तोंड पुसलं. मी तिचा हात धरला.

“ही साडी केव्हाची?”

“चाळत होते तेव्हाचीच.”

आरोपी खोटं का बोलतो, हे शोधण्यात आमचा जन्म जातो. तो बोलत असतो तोवर कुणाच्या छातीत काय जातंय, हे आधी बघावं.