पोप, सम्राट आणि कंधारचा वर्ग

विश्वंभरराव सरांची आणि माझी पहिली गाठ पडली ती कंधारच्या कॉलेजात, इतिहासाच्या तासाला. लोह्याची बस उशिरा आली होती. मी दारात उभी, आणि सर वर्गाला विचारत होते, "पोळ्याला तोरणाखालून आधी कुणाचे बैल जातात?"

"पाटलाचे," मी दारातूनच म्हणाले.

"का? लई ताकदीचे असतात?"

"न्हाई सर. मान हाय त्यांचा."

"या, बसा. पोप म्हणजे काय ते तुम्हाला कळलं. फौजेशिवाय चालणारा मान!"

विद्यार्थ्यांनाही सर अहोजाहो करीत. पुढे लोह्याची बस आल्याशिवाय त्यांनी वाद सुरू केला नाही. हो, वादच. अर्धा वर्ग पोपचा, अर्धा सम्राटाचा. आधी भांडा, मग पुस्तक उघडा. शेवट ते कधीच आधी सांगत नसत.

"खेड्यातल्या पोरांना पोप कशाला?" म्हणून मध्ययुगीन युरोपच्या इतिहासाचा हा पेपर बंद करायचं घाटत होतं. सरांनी विनवण्या केल्या नाहीत. "एकदा तासाला येऊन बसा," एवढंच ते त्यासाठी नेमलेल्या समितीला म्हणाले.

समिती आली. चर्चचा प्रांतप्रमुख, म्हणजे बिशप, नेमायचा कुणी, त्याच्या पदाची खूण असलेली अंगठी नि काठी त्याला द्यायची कुणी, यावर वाद पेटला. सम्राट झालेला बालाजी तावातावाने उठला. "बिशपकडची जमीन माझी, तर बिशपबी म्याच नेमणार!"

पोप मी होते. "जमीन तुमची असंल, धर्म तुमच्या बापाचा न्हाई!"

वर्ग खदखदून हसला. सर खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांचा पेपर पणाला लागला होता, तरी त्यांनी आम्हाला एका शब्दाची मदत केली नाही. मला तर त्यांचा रागच आला. शेवटी बालाजीच वैतागला. "बरं, असं करू. बिशपची अंगठी नि काठी तुम्ही द्या. जमिनीचा हक्क म्या देतो."

"कबूल हाय," मी म्हणाले.

तेव्हा कुठे सरांनी पुस्तक उघडलं आणि पोप-सम्राटांनी खरोखर केलेली तडजोड वाचून दाखवली. आमचीच होती ती! समितीच्या अध्यक्षांनी आपणहून टाळ्या वाजवल्या. पेपर राहिला, आणि आम्ही कंधारभर मिरवलो.

आज तोच पेपर मी लातूरला शिकवते. बालाजीची लेक माझ्या वर्गात आहे, आणि यंदा पोप ती आहे.

सर, पंचाहत्तरी झाली, आता शंभरीही अशीच खणखणीत आवाजात गाठा. त्याआधी एकदा आमच्या तासाला येऊन बसा. शेवट मात्र आम्ही आधी सांगणार नाही.