कालवा ऑफिसची परत आलेली कॉफी

चौथ्या दिवशीही कप भरलेलाच परत आला. कालवा ऑफिसचा शिपाई चन्नाप्पा यानं ट्रे माझ्या गाड्यावर ठेवला आणि म्हणाला, "ब्याड अंद्रु, आण्णा." म्हणजे, साहेब नको म्हणाले.

"एक घोट तरी घेतला का?"

"घेतला की. मग तोंड असं केलं." त्यानं कारलं चावल्यासारखं तोंड करून दाखवलं. "मग खोकले. मग तांब्याभर पाणी पिले."

कॉफीवर साय धरली होती. ती बोटानं बाजूला सारली आणि सगळा कप मी तिथंच उभ्या उभ्या पिऊन टाकला. फस्क्लास होती. मला तरी काही खोट सापडली नाही.

"तुझ्या साहेबाचं तोंडच वाईट हाय," मी म्हणालो.

"असंल की. पर सही त्याच तोंडाच्या माणसाची लागतीया," चन्नाप्पा म्हणाला आणि रिकामा ट्रे हलवत गेला.

सही कशावर, ते सांगतो.

मी चौथीपर्यंत शाळेत बसलो. पास झालो का नापास, ते बघायला परत गेलोच नाही. पण चहा शिकलो तो पक्का. निपाणीत तंबाखूच्या वखारींची एक गल्ली होती, तिच्या तोंडाला माझा गाडा. वखार म्हणजे गोदाम. तिथं तंबाखू वाळवायची, कुटायची, चाळायची. हमाल, गाडीवान, दलाल, चाळणीवर बसणाऱ्या बाया, सगळी गिऱ्हाइकं त्या गल्लीतलीच. बारा वर्षं माझा चहा कुणी परत पाठवला नव्हता. ही गोष्ट आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल तेव्हाची.

त्याच साली रस्ता रुंद करायचा ठरला आणि गाडा हलवायची नोटीस आली. जायचं कुठं? वखारीच्या गल्लीत आत कुणी उभं करून घेईना. तेवढ्यात पलीकडं कालव्याच्या ऑफिसची नवी बिल्डिंग झाली. तिच्यात कँटीनची एक खोली. आत ओटा, नळ, वर सिमेंटचं छप्पर. मी ती खोली खिडकीतनं बघून आलो आणि रात्री बायकोला सांगितलं, ही आपली. ती म्हणाली, आधी मिळू तर दे.

तिथले हेडक्लार्क जोतिबा पाटील माझे गिऱ्हाईक. त्यांनी माझं नाव पुढं केलं, पण म्हणाले, "मारुती, साहेब एकाच गोष्टीवर अडून बसल्यात. स्टाफ काय पितो ते स्टाफ बघंल. त्यास्नी मात्र कॉफी नीट पायजे. पंधरा दिवस बघणार. जमली तर खोली तुझी. न्हाय तर मोठ्या रस्त्यावरच्या उडपी हॉटेलवाल्याला."

"कॉफीत काय अवघड हाय?" मी म्हणालो.

हे साहेब म्हणजे मूर्तीसाहेब. म्हैसूरकडचे. चहाला शिवायचे नाहीत.

आता कॉफीचं जरा सांगतो. चहात पावडर उकळतात, तशी कॉफी उकळत नाहीत. पावडरीवर कढत पाणी ओततात, ते खाली थेंब थेंब गळतं. त्या काळ्या रसाला डिकाशन म्हणायचं. त्यात तापलेलं दूध आणि साखर घातली की झाली कॉफी. पावडरीत चिकोरी म्हणून एक भाजलेलं मूळ कुटून घालतात, त्यानं रंग दाट येतो. डिकाशनला पितळेचा दोन मजली फिल्टर मिळतो. मी तो घेतला नाही. जो माणूस बारा वर्षं फडक्यानं चहा गाळतोय त्याला डबा कशाला? चहाच्या गाळणीचंच एक जुनं फडकं मी कॉफीसाठी बाजूला काढलं. रोज धुवायचो. अगदी खळखळून. आणि गाडा ते वखारीची भिंत अशी एक सुतळी बांधलेली होती, तिच्यावर वाळत घालायचो. घाणेरडं काम मी कधी केलं नाही.

पहिले चार दिवस असे गेले. मग मी एक एक गोष्ट बदलायला लागलो. चिकोरी जास्त झाली असेल म्हणून बेळगावला जाऊन बिनचिकोरीची पावडर आणली. कप परत. म्हशीचं दूध जड पडत असेल म्हणून गाईचं घेतलं. परत. विहिरीचं पाणी मचूळ म्हणून नळाचं भरलं. परत. साखर कमी केली, मग वाढवली. दोन्ही परत.

चव मी रोज बघायचो. नुसता मीच नाही. पाटलांना पाजली, एका गाडीवानाला पाजली, वखारीच्या मुकादमाला पाजली, चाळणीवरच्या दोन बायांना पाजली. सगळे म्हणाले, झकास. एक बाई तर म्हणाली, "आण्णा, च्याच्या परास हीच दे की रोज."

मग माझ्या डोक्यात दुसरं शिरलं. आमच्याकडं सीमेचं राजकारण घराघरात. मी पाटलांना म्हणालो, "हे कॉफीचं दुखणंच न्हाय. मी मराठी, उडपीवाला कानडी. साहेबाला त्यालाच द्यायची हाय खोली, तर सरळ सांगावं. रोज माझा कप परत धाडून गल्लीत हसं कशाला करतोय?"

पाटील म्हणाले, "मी कोण हाय रं? मराठीच न्हवं? मलाच त्येनं वरच्या टेबलावर बसवलंय. उगा कायबी बोलू नगंस. जा, त्येलाच विचार."

मी गेलो. कप हातात घेऊन गेलो. कानडी मला येतं, पण आमचं कानडी वेगळं, म्हैसूरचं वेगळं. तरी समजलं सगळं. साहेब माझ्याच वयाचा, काटकुळा माणूस. खुर्ची दाखवून बस म्हणाला. मी बसलो नाही.

"माझ्या कॉफीत वाईट काय आहे?" मी विचारलं.

तो जरा विचार करून म्हणाला, "कॉफी वाईट नाही. कॉफी चांगली आहे. पण तिच्या मागनं दुसरं काहीतरी येतं. घशाला धरतं. अर्धा कप पिला तर डोकं गरगरतं. तुम्ही यात काय घालता?"

"जे घालतात तेच घालतो."

"मग मला सांगता येणार नाही," साहेब म्हणाला. "पण मी खोटं बोलत नाही, मास्तर."

चहावाल्याला मास्तर म्हणतात आमच्या धंद्यात, पण साहेब माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. राग निम्मा उतरला. निम्मा राहिला.

आणि दहाव्या दिवशी गंमत झाली. चन्नाप्पा रिकामा कप घेऊन आला. "संपूर्ण पिले! चेन्नागिदे म्हणाले." चांगली आहे म्हणाले. मला वाटलं, जमलं. त्या दिवशी पावडर मी चिमूटभर कमी घातली होती. म्हणजे तीच गोम. बायकोला सांगितलं, खोलीत फळी कुठं मारायची ते ठरव. दुसऱ्या दिवशी तशीच चिमूटभर कमी घातली. कप परत. तिसऱ्या दिवशी परत.

पाटील स्वतः गाड्यावर आले. "मारुती, सोमवारी पंधरा दिवस भरत्यात. साहेबांनी उडपीवाल्याला सोमवारीच बोलावलंय. माझं आता कायबी चालत न्हाय बघ."

तो शनिवार होता. त्याच दिवशी दुपारी आमची आक्का आली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कणकुंबीला दिलेली. जंगलातलं गाव. पोरासाठी मुलगी बघायला म्हणून निपाणीला आली होती. मी तिला सगळी कथा सांगितली, दहाव्या दिवसाचीसुद्धा, आणि म्हणालो, "बस. तुला साहेबाची कॉफी पाजतो." फडक्यानं डिकाशन गाळलं, कप दिला.

तिनं एक घोट घेतला आणि जो ठसका लागला तो थांबेना. डोळ्यांतनं पाणी. कप खाली ठेवून म्हणाली, "मारत्या, तंबाकू घातलीस व्हय रं ह्यात?"

"कॉफी हाय ती. तू कवा पिलीयास कॉफी?"

"कॉफी न्हाय पिली. पर तंबाकूचा वास मला कळतो. आमच्या मामंजींनी उंबऱ्याच्या आत तंबाकू येऊ दिली न्हाय, मी मिश्रीसुदीक लावत न्हाय. ही तंबाकूच हाय."

"पाच जणांनी पिली, पाच जणांस्नी चांगली लागली!"

"कोण पाच जण?"

मी नावं सांगायला लागलो. पाटील, गाडीवान, मुकादम. सांगता सांगता आवाज बारीक व्हायला लागला. पाटलांची तपकिरीची डबी टेबलावर असते. गाडीवान तंबाखूचा बार भरल्याशिवाय बैल जुंपत नाही. मुकादमाचं तर कामच तंबाखू. बायांच्या दातांना मिश्री, म्हणजे तीही भाजलेली तंबाखूच. आणि ज्यानं रोज चव बघितली त्या माझ्या गालात, त्या घटकेला सुद्धा, बार होता. कॉफी चाखायची म्हणून मी तो थुंकायचो, आणि चाखून झाली की नवा भरायचो.

पण कबूल कोण करणार? "कॉफीत तंबाखू येणार कुठनं?" मी म्हणालो.

आक्का उठली. गाड्यावरचं सगळं हुंगत सुटली. पावडर, दूध, साखर. मग सुतळीवरचं फडकं. ते नाकाला लावलं आणि अशी शिंकली की गल्लीतली माणसं वळून बघायला लागली. वर भिंतीत वखारीचा झरोका. आत चाळणी चालू. पिवळा धुरळा बाहेर येत होता आणि ओल्या फडक्यावर बसत होता. बारा वर्षं येत होता. आम्हाला तो दिसतच नव्हता. उन्हाच्या तिरिपेत कण दिसतात तसा दिसला तर दिसला, इतकंच.

"त्येनं एकदा घेतली म्हनलास. कवा?" आक्कानं विचारलं.

"मंगळवारी."

"मंगळवारी आमुशा हुती. वखारी चालू असत्यात आमुशेला?"

नसतात. अमावस्येला सगळ्या वखारी बंद. आदल्या रात्रीपासूनच बंद. त्या दिवशी फडक्यावर धुरळाच बसला नव्हता. माझी चिमूटभर पावडर कुठली कामाला आलीय!

तरी मी अडलो. म्हणालो, माझ्या जिभेला पटल्याशिवाय मानणार नाही. आक्का म्हणाली, "मग उद्या सांजपातूर तोंडात कायबी घालू नगंस. मग पी." आणि माझी तंबाखूची चंची उचलून कमरेला खोचली आणि पोरगी बघायला निघून गेली.

तो रविवार मला अजून आठवतो. सकाळपासून डोकं ठणकत होतं. दुधाचं पातेलं उतू घालवलं, बायकोवर ओरडलो, गिऱ्हाइकावर ओरडलो. चुळा तर किती भरल्या. संध्याकाळी आक्कानं दोन कप पुढं ठेवले. एक जुन्या फडक्यातला. एक नव्या, उकळून घरात वाळवलेल्या मांजरपाटातला. जुन्यातला घोट घेतला. घशाला असा ओरखडा बसला की मीच खोकलो. चहात आलं घातलेलं असतं, साखर भरपूर, त्यात हे लपून जायचं. कॉफीत लपायला जागा नाही.

आक्कानं चंची परत दिली, एवढंच.

सोमवारी सकाळी मी चन्नाप्पाच्या हाती काही पाठवलं नाही. दोन्ही कप स्वतः घेऊन गेलो. बाहेर बाकावर उडपीवाला बसलेला, पांढरंधोट धोतर. मी आत गेलो. गाड्यापासून ऑफिसपर्यंत मनात ठरवत होतो, फक्त नवा कप द्यावा आणि गप बसावं. पण मग साहेबाबद्दल मी जे गल्लीभर बोललो होतो, त्याचं काय?

"साहेब," मी म्हणालो, "चौदातले तेरा दिवस तुम्हाला तंबाखू पाजली. चूक माझी. फडकं वखारीखाली वाळत होतं आणि माझी जीभ मेलेली होती. हा जुना कप, हा नवा. वाटलं तर ताडून बघा."

साहेबानं जुन्या कपाचा नुसता वास घेतला आणि बाजूला सारला. नवा उचलला. मी त्याच्या गळ्याच्या घाटीकडं बघत होतो. खाली गेली, वर आली, परत खाली गेली. कप रिकामा झाला.

"मला वाटायला लागलं होतं, माझंच काहीतरी बिघडलंय," तो म्हणाला. "परवा डॉक्टरकडं जाऊन आलो मी. चक्कर येते म्हणून."

मग दोघंही हसलो. पाटील दारात उभे राहून ऐकत होते, ते तपकीर ओढायची विसरले.

"पण मास्तर, पितळी फिल्टर घ्या," साहेब म्हणाला. "फडक्यावर माझा आता विश्वास नाही."

"घेतो," मी म्हणालो. बारा वर्षांत धंद्यात दुसऱ्याचं ऐकलं ते तेवढंच.

साहेबांनी कागद ओढून सही केली. उडपीवाल्याला आत बोलावून चहा पाजला आणि सगळं सांगितलं. तो भला माणूस. जाताना मला म्हणाला, "फिल्टर घेताना मला सांगा, चांगला दाखवतो." त्यानंच निवडून दिला.

त्या खोलीत मी एकवीस वर्षं कँटीन चालवलं. पोरं तिथंच अभ्यास करून शिकली, एक आता बेळगावात इंजिनिअर आहे. मूर्तीसाहेब तीन वर्षांनी बदलून गेले. नवीन साहेब चहाचे होते.

तंबाखू मी सोडली नाही. कुणी तसं समजू नये. पण दुपारचं डिकाशन उतरेपर्यंत तोंड कोरं ठेवायचो, आणि चव बघायला ज्याच्या खिशात चंची नाही, डबी नाही, असा माणूस शोधायचो. निपाणीत तो शोधायला कधी कधी अर्धा तास लागायचा. तरी शोधायचो. दहा माणसं चांगलं म्हणाली तर आधी त्या दहांनी सकाळपासून काय खाल्लंय ते विचारावं, मग खूश व्हावं.