गेतांचे पाय

गेतां बेरुबेने पायांचा ठेका उचलला तो थेट बापाचा. अदेलार बेरुबे व्हायोलिन घेऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला, की दोन्ही बुटांनी खालच्या फळीवर असा ठेका धरायचा की ढोलवाल्याने घरी जावं. आमच्या क्वेबेकच्या खेड्यांत बसून वाजवणारे सगळे हेच करतात. गेतां गिटार शिकला तोही त्याच फळीवर. हात वेगळे आणि पाय वेगळे, हे त्याला कधी ठाऊकच नव्हतं.

मॉन्ट्रियलला आल्यावर लोरेन नावाच्या गायिकेने त्याला आपल्या चौघांच्या बँडमध्ये घेतलं. गाणी फ्रेंच, वाद्यं लाकडाची, ढोल नाहीच. एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खाणारं, मध्येच लय मोडून भलतीकडे शिरणारं. कॉफीच्या दुकानांत लोक ते जीव लावून ऐकायचे आणि गेतांच्या पायांना टाळ्या पडायच्या.

पहिल्या रेकॉर्डच्या वेळी मात्र हेच पाय आडवे आले. ध्वनिमुद्रण करणारे दुगे एरवी भला माणूस. ते काचेमागून ओरडले, "लाथा कोण झाडतंय?"

"मी, साहेब. वाजवतोय."

"मग हातांनी वाजव की! माइकमध्ये घोडा शिरल्यासारखं वाटतंय."

बूट काढले, तर टाचा वाजल्या. खाली उशी घातली, तर खुर्ची कुरकुरली. शेवटी लोरेनने गळ्यातला लोकरी मफलर काढला आणि हसत हसत त्याचे घोटे खुर्चीला बांधून टाकले.

"रागावू नकोस रे. एवढी रेकॉर्ड होऊ दे, मग नाच हवा तेवढा."

"आणि तोवर?"

"तोवर शहाण्या बाळासारखा बस."

तो बसला. पोटऱ्यांत गोळे आले, मान आखडली. हात मात्र मोजून मापून चालत राहिले, एक सूर चुकला नाही. त्याला अक्षरशः रडू येत होतं आणि दुगे खूश होते. "बघ, किती स्वच्छ आलंय!"

रेकॉर्ड तुफान चालली. गेतांला वाटलं, सुटलो एकदाचा. पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात त्याने टाच आपटली, तर पुढच्या रांगेतून कुणीतरी "श्श!" केलं. लोकांना रेकॉर्डवरचं तेच शांत गाणं हवं होतं.

"त्यांनी जे घेतलंय तेच द्यायला हवं ना रे?" विंगेत लोरेन म्हणाली. तिचं तरी काय चुकलं? पुढची दोन वर्षं गेतां गावोगाव गुमान पाय आवळून बसला. आता बांधावं लागत नव्हतं.

नव्या वर्षाच्या दिवशी तो घरी गेला. सकाळी बापापुढे गुडघे टेकून आशीर्वाद घेतला. जेवणं झाल्यावर आत्या म्हणाली, "अगं बाई, रेडिओवरचा माणूस आलाय, खुर्ची पुसून द्या कुणीतरी!" सगळे हसले. बापाने व्हायोलिनवर नाचाची धून उचलली आणि गेतांची गिटार तिला बिनचूक मिळाली.

बाप मध्येच थांबला. "पाय कुठे गेले तुझे?"

गेतांने खाली पाहिलं. घोटे एकमेकांत घट्ट अडकले होते. त्याने ते सोडवले, बूट फळीवर टेकवले आणि आठवून आठवून ठेका देऊ लागला. उजवा पडला, डावा मागे राहिला. त्याने पुन्हा सुरुवात केली. आत्याचं हसू मावळलं.

"राहू दे, पोरा," बाप व्हायोलिन पुन्हा खांद्याला लावत हळूच म्हणाला, "मी धरतो दोघांचा."