चिंचेने घासलेला सम्राट

आमच्या साडूंइतकी रोमन साम्राज्याची काळजी खुद्द रोमन लोकांनीही केली नसेल. केली असती तर ते बुडालं नसतं, असं त्यांचं ठाम मत होतं. ऐंशी सालाच्या सुमारास मेलबर्नच्या क्लेटनमध्ये राहणारा हा इंजिनियर माणूस ब्राँझच्या रोमन नाण्यांच्या नादी लागला, आणि त्यांच्या घरी चहाआधी पाहुण्याच्या हातात भिंग येऊ लागलं. नाण्याच्या कडेची दोन-चार अक्षरं ओळखल्याशिवाय चहा मिळत नसे. "हा हिरवा थर जपायचा! आतला धातू कधीच गंजलाय, अक्षरं थरातच उरलीत. दोन हजार वर्षं कुणी धुतलं नाही, ते आपण का धुवायचं?" हाच न्याय त्यांनी स्वतःच्या गाडीलाही लावला होता. एकदा मी ओल्या अंगठ्याने नाणं धरलं, तर अख्खा उन्हाळा माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांच्या आई साताऱ्याहून पहिल्यांदाच आल्या होत्या. भांडी मशीन धुतं, कपडे मशीन धुतं, म्हणून बिचाऱ्या अवघडून बसत. दिवाळीच्या तोंडावर आम्ही गेलो, तर मेव्हणी स्वयंपाकघरात पांढरीफटक उभी. ओट्यावर देवाची भांडी, चिंचेचा कोळ आणि बशीत साडूंचं सर्वांत लाडकं नाणं, लख्ख! सम्राटाला नाक उरलं नव्हतं.

"भावजी, उद्या हेच नाणेवाल्यांच्या क्लबात दाखवायचं होतं ह्यांना," ती कुजबुजली. आईंना सांगायचं कुणी? तेवढ्यात गाडी ड्राइव्हवेत वळली.

साडू आत आले. आईंनी हौसेने बशी पुढे केली. "किती कळकट झालं होतं रे! तुला मेल्याला सवड नाही, म्हटलं मीच घासते. आता वाच बघू, काय लिहिलंय?"

साडूंचा चेहरा उतरला. मेव्हणीने माझा दंड घट्ट धरला. मग त्यांनी खिशातून भिंग काढलं, आईंच्या शेजारी बसले आणि कडेवरून सावकाश बोट फिरवू लागले.

"सम्राट... सीझर... प्रजेचा पिता. सगळं आहे, आई. आता फार स्वच्छ दिसतंय."

मी त्यांच्या खांद्यामागेच उभा होतो. त्या कडेवर एकही अक्षर नव्हतं.

आईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. साडू गाडी अजून धूत नाहीत. दिवाळीच्या आदल्या दिवशी मात्र चिंच भिजवून ते एक नाणं स्वतः घासत बसतात, आणि आम्ही कुणी मध्ये बोलत नाही.