बंड्या आत्यांवर का गुरगुरायचा

ह्ये आमच्या ह्यांना ठाऊक न्हाय, आत्यांना ठाऊक न्हाय. बहिणीसंगं मी फोनवर तासतासभर बोलतो, तिला पण न्हाय. तीन वर्सं झाली. कवा कवा भाकरी थापताना पार तोंडापतोर येतंय — आन् मी गिळतो, आन् भाकरी जोरात थापतो. आज तुमास्नी सांगतो. तुम्ही आमच्या गल्लीतलं न्हाय म्हणूनच जमतंय बगा.

आधी बंड्याचं सांगतो. माझं काय, माझं सांगण्यासारखं लई थोडं हाय.

बंड्या आमचा कुत्रा. तांबडा, एक कान मोडल्याला. मामांनी, म्हंजे माझ्या सासऱ्यांनी, मळ्यात सापडल्यालं पिल्लू टोपीत घालून आणलंतं. मामा सकाळी डेअरीला दूध घालायला निघालं की ह्यो सायकलीच्या म्होरं. डेअरीत रांगंत बसायचा, माणसावानी. किटलीकडं कुणी हात केला की नुसता बघायचा, भुंकायचा सुदीक न्हाय. गडमुडशिंगीत त्येला वळखत न्हाय असा माणूस न्हाय. मामांचं नाव इसरतील, त्येचं न्हाय इसरायचे.

मला कुत्र्याचं लई भ्या हुतं. नवी नवरी मी, परसात भांडी घासायला बसलो की एक डोळा त्येच्यावरच असायचा. आन् त्येला ते कसं कळलं कुणास ठाऊक — ह्यो लांब बसायचा, तोंड दुसरीकडं करून. जसं काय म्हणतोय, मी न्हाय बगत, तू घास निवांत. रोज एक हात पुढं सरकायचा. महिन्याभरानं त्येचं डोस्कं माझ्या पायावर. मला सांगा, येवढी रीत कुठल्या माणसाला असतीया?

त्या घरात मला पहिल्यांदा आपलं म्हणणारा तो — न्हाय, खोटं नगो. आज तरी नगो. पहिल्यांदा आत्या. आत्या म्हंजे माझी सासू.

मी सातवीत असताना माझी आई गेली, आठवीत शाळा सुटली. पहिलं बाळंतपण माहेरी करत्यात, पर माझं तिथं करणार कोण? आत्या म्हणल्या, "आई न्हाय म्हणून काय झालं? मी काय मेलीया व्हय?" आन् सासरीच केलं. रोज तेल लावून अंग रगडायच्या, लेकराला पायावर घेऊन न्हाऊ घालायच्या, आन् मग शेक. शेक तुमास्नी ठाऊक आसंल — बाजंखाली निखाऱ्याची शेगडी, निखाऱ्यावर ओवा आन् लसणीची सालं, वर बाळ-बाळंतीण. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरी आत्यांच्या शेगडीवर शेकून उठल्यात. येवढ्या वर्सांत कुणाच्या दुपट्याला डाग न्हाय. बायका म्हणायच्या, हिच्या हातात इस्तव सुदीक गरीब हुतोय.

मला त्यांनी एकच गोष्ट सांगितलीती. "पोरी, शेगडीला तू हात लावायचा न्हाय. हलवायची झाली तर हाक मार, मी सैपाकघरातच हाय."

एकच.

बाळ तीन आठवड्याचं झालं आन् बंड्या गुरगुराय लागला. पहिल्यांदा आत्यांवर. त्या खोलीत आल्या की ह्येचं नाक वर, व्हट मागं, आन् गळ्यातनं त्यो आवाज — भरल्या घागरीत बोलल्यागत. मग आमच्या ह्यांच्यावर. ह्यांना सवय, कामावरनं आले की मागनं त्येच्या ढुंगणावर थाप मारायची, "काय पैलवान!" म्हणायचं. आता थाप पडली की बंड्या गर्रकन फिरायचा, दात दावायचा. समदी चक्रावली. ज्या कुत्र्यानं डेअरीतल्या मांजरावर कवा डोळा वटारला न्हाय, त्यो घरच्यांवर?

आत्यांनी मीठ-मिरची उतरून टाकली. शेजारच्या काकी म्हणल्या, बाळाचा राग आलाय त्येला, तुमचं लक्ष बाळाकडं गेलं न्हवं. ह्यांना ते पटलं. मामा म्हणलं, "राग आला तर बाळावर गुरगुरंल की! बाळापशी तर देवासारखा बसतोय." ते खरं हुतं. बाळावर न्हाय गुरगुरला कवा. माझ्यावर पण न्हाय. माझ्यावर एकदा पण न्हाय.

मग एक दिस ह्यांच्या मनगटावर दात लागलं. रगात न्हाय, नुसतं लागलं. चावायचं असतं तर मनगाट फुटलं असतं — त्येनं धरलं आन् सोडलं, येवढंच. पर हे लई भडकले. म्हणले, "पन्हाळ्याच्या पल्याड सोडून येतो. घरात तान्हं लेकरू हाय." मामा जेवलं न्हाईत त्या दिशी. शेवटाला येवढं ठरलं की आधी जनावरांच्या डॉक्टरला दावायचं, आन् त्यांनी धोका सांगितला तर सोडायचं.

बाळाचा लशीचा डोस पण तिकडं शहरात, राजारामपुरीतच हुता, म्हणून शेजारच्यांच्या टेम्पोतनं समदीच गेलो. बंड्या मामांच्या पायात, बाळ आत्यांच्या मांडीवर. वाटंत आत्या पदरानं बाळाला झाकत हुत्या, आन् हळूच बंड्याला पण बगत हुत्या. त्यांना भ्या वाटायचं त्येचं. तरी माया सुटत न्हवती.

डॉक्टरबाई बारकी हुती, माझ्याच वयाची. टेबलावर चढवलंच न्हाय त्येला. सोता खाली फरशीवर बसली, त्येच्याकडं न बगता. अगदी तो माझ्यासंगं बसायचा तसंच! मग ती बोलली, आन् तिचं बोलणं माझ्या डोस्क्यात अजून तसंच हाय. म्हणली, "कुत्रं उगाच गुरगुरत नाही. हा सांगतोय तुम्हाला, पुढं येऊ नका, मला चावायला लावू नका. शहाणा आहे म्हणून सांगतोय. मारून गप केलात तर पुढच्या वेळी न सांगता चावेल."

बगा, मुकं जनावर. पर जे दुखतंय ते रोज सांगत हुतं.

मग तिनं हातानं त्येची केसं इंचरली. मागल्या मांडीपशी थांबली. केसाखाली कातडं तांबूस, गुळगुळीत, हाताच्या तळव्यायेवढं. म्हणली, "हे भाजलेलं आहे. बरं झालंय वरून, पण आत अजून हुळहुळतंय. कुठं भाजला हा?"

समदी एकमेकाकडं बगाय लागली. मला ठाऊक हुतं.

सांगतो. थांबा जरा — सांगतो.

सकाळची येळ हुती. शेक चालल्याला, बाळ झोपल्यालं, मी बाजंवर पडून मोबाईल बगत हुतो. हसत हुतो काय तरी बगून. त्यो हातातनं निसटला आन् बाजंच्या कडंनं खाली गेला, शेगडीच्या जवळ. मला वाटलं, वितळतोय आता. हाक मारायची हुती ना? एक हाक. सैपाकघर दहा पावलावर. मी हाक न्हाय मारली. का, तर मोबाईल बगत हुतो म्हणून बोलणी बसतील. मी पाय खाली सोडला आन् पायानं शेगडी ढकलली. ती बाजंच्या पायाला अडली आन् कलंडली.

पल्याड बंड्या झोपल्याला. निखारं त्येच्या मांडीवर.

एकच "कँय" केलं त्येनं. एकच. आन् भाईर पळाला. खाली लोंबणाऱ्या गोधडीच्या टोकाला एक निखारा चिकटल्याला — त्या गोधडीवर माझं लेकरू. मी हातानंच इझिवलं. चिमट्यानं समदं गोळा केलं, शेगडी सरळ केली, मोबाईल उशीखाली सारला. केसं जळल्याचा वास सुटल्याला. आत्या आतनं वराडल्या, "कसला गं वास?"

"ओवा जास्त पडला वाटतं, आत्या."

कसं सुचलं येवढ्या पटकन? मला शाळंत फळ्याम्होरं कवा काय सुचलं न्हाय. तिथं सुचलं.

आन् तो परत आला, ऐका. मला वाटलं, आता ह्यो घरात पाय ठेवायचा न्हाय. दहा मिंटात आला, लंगडत. उंबऱ्यात बसला, बाळाच्या बाजंकडं त्वांड करून. दुसऱ्या दिशी आत्या शेगडी घेऊन आल्या तवा गुरगुरला. आत्यांवर न्हाय — शेगडीवर. डॉक्टरबाई म्हणली भीतीनं. आसंल. पर भ्यायल्यालं जनावर लांब पळतंय न्हवं? ह्यो रोज शेगडी आन् बाळाच्या मधी येऊन बसायचा. मागनं कुणी त्या मांडीला हात लावला की ठणका उठायचा, म्हणून ह्यांच्यावर. आन् माझा पाय बाजंवरनं आल्याला, त्येला दिसलाच न्हवता. त्येला फकस्त शेगडी दिसली. आन् शेगडी रोज कुणाच्या हातात?

तर डॉक्टरबाईनं इचारलं, कुठं भाजला. बंड्याला पन्हाळ्याच्या पल्याड जायचं का घरी, ते त्या उत्तरावर हुतं. आन् मी म्हणलं —

"शेगडी आत्याच ठेवत्यात."

येवढंच. एक अक्षर खोटं न्हाय त्यात. म्हणून तर ते आजपतोर टिकलंय.

आत्यांनी माझ्याकडं बघितलं सुदीक न्हाय. बाळ ह्यांच्याकडं दिलं, आन् म्हणल्या, "माझ्याच हातनं झालं आसंल. डोळं आता पयल्यागत न्हाईत. कधी झालं ते पण कळलं न्हाय बया मला." आन् तिथंच, त्या फरशीवर, बंड्याम्होरं हात जोडले. तो गुरगुरला. ह्यांनी मान खाली घातली. मला तवा पण बोलता आलं असतं. बंड्या माझ्या खऱ्या बोलण्यानं पण वाचला असता. म्हंजे मी त्येला वाचवायला बोललो न्हाय. मला वाचवायला बोललो.

मलम दिलं, ते मी लावायचं ठरलं, कारण मलाच तो लावू द्यायचा. समदी म्हणायची, जनावराला बरोबर कळतंय माया कुणाची. आन् आत्यांना डॉक्टरबाईनं सांगितलं, लांब बसा, पाठ फिरवून, भाकरीचा तुकडा टाका, हात लावू नका, तो येईल तवा येईल. आत्या रोज परसात पोत्यावर बसायच्या, गुडघं दुखत असताना. दुधात भिजवल्याली भाकरी. पहिल्यांदा गुरगुरायचा, तुकडा पडून राहायचा. त्या उठून जायच्या, उद्या परत. सात-आठ महिने. चिडल्या न्हाईत, वराडल्या न्हाईत. त्या दोघांतलं मोठं कोण म्हणू मी?

आन् एक दिस त्येनं त्यांच्या मांडीवर डोस्कं ठेवलं. मी दारात लेकराला घेऊन उभारलो हुतो. आत्या रडत म्हणल्या, "माफ केलंस व्हय रं मला?"

मी आत गेलो. भांडी घासल्याली हुती, परत घासली.

बंड्या आता कुणावर गुरगुरत न्हाय. माझं पोरगं त्येच्या पाठीवर बसतंय. पर आत्यांनी त्या दिसापासनं शेगडी धरली न्हाय. गल्लीतल्या बायका येत्यात बोलवायला, पाया पडत्यात. आत्या म्हणत्यात, "न्हाय गं. कुत्रं हुतं म्हणून निभावलं. उद्या लेकरू आसंल."

म्होरल्या महिन्यात माझी नणंद बाळंतपणाला येणार. त्यांची एकुलती लेक. परवा आत्या मला म्हणल्या, "तिचा शेक तूच कर पोरी. तुझ्या हातनं कवा काय सांडलं न्हाय."

मी व्हय म्हणलं.

मग माळ्यावरनं शेगडी काढली आन् परसात राखंनं घासाय बसलो. बंड्या उंबऱ्यात पडल्याला. शेगडी बघून त्येनं कान टवकारला. मग ती कुणाच्या हातात हाय ते बघितलं, शेपटी दोनदा आपटली, आन् डोळं मिटून घेतलं.