येतो हं, काका

"येतो हं, काका," असं म्हणून ती आमच्या लंडनमधल्या, हाउन्सलोच्या घरातून निघायची. एक पाय दाराबाहेर, दुसऱ्या पायातल्या बुटाची नाडी सुटलेली. तिशीची बाई, पण "मी जेवलो", "मी दमलो", "मी बसनं आलो".

ती दोन वर्षांची असताना आई गेली. मराठी शिकली ती एकट्या वडिलांकडून. ते "आलो" म्हणायचे, म्हणून हीही आलो. शेजारी असल्यानं मला हे ठाऊक होतं. इथे वाढलेली मुलं तुम्हीही पाहिली असतील: आईवडील मराठीत रागावतात, मुलं इंग्लिशमध्ये उलट बोलतात. ही उलटसुद्धा मराठीतच बोलायची.

तिनं सिनेमा लिहिला. छोटासा, मित्रांना गोळा करून काढलेला. विनोदी प्रेमकथा. नायिका तिच्यासारखीच. नायक लंडनमध्ये वाढलेला, कोलंबियन घरातला. तो आजीकडून स्पॅनिश शिकलेला, त्यामुळे धडधाकट गडी स्वतःला 'दमलेली' म्हणणारा. अशी ही दोघं एकमेकांना आपापली भाषा शिकवतात.

इथल्या मराठी मंडळाची स्मरणिका मी काही वर्षं तपासली होती. तेवढ्या पुण्याईवर तिनं मला 'भाषा सल्लागार' केलं. पद मिळालं की माणूस आधी लाल पेन शोधतो. मी नायिकेचे सगळे 'येतो' खोडून 'येते' केले.

"काका, ते मुद्दाम आहे."

"लोक हसतील."

"हसायलाच पाहिजेत ना? कॉमेडी आहे!"

"सिनेमाला नाही गं. तुला हसतील."

"हसतात का, काका? आत्ता पण?"

मी पुढचं पान उलटलं. तिनं सगळे बदल मान्य केले.

सिनेमा एका हॉलमध्ये दाखवला. नायकाच्या स्पॅनिशला कोलंबियन मंडळी हसून खुर्चीतून पडायची बाकी होती. मला स्पॅनिश येत नाही, म्हणून ते माझ्या लाल पेनातून वाचलं. नायिका मात्र बिनचूक मराठीत प्रेम करत होती आणि आपली माणसं घड्याळ बघत होती. शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी 'शुद्ध मराठीबद्दल' माझ्या खांद्यावर शाल घातली.

तिचे वडील शेजारीच बसले होते. "मराठी छान आहे हो," ते हळूच म्हणाले. "पण आमची पोर काही त्यात दिसली नाही."

ते मीच बदललं, एवढंच सांगायचं होतं. मी शाल नीट केली.

तिला नॉटिंगहॅमला नोकरी लागली, तेव्हा ती निरोप घ्यायला आली. आज माफी मागायचीच, असं मी ठरवलं होतं. चहा झाला, हवेबद्दल बोलून झालं. दारात ती उभी राहिली, दोन्ही नाड्या घट्ट बांधलेल्या. तोंड उघडलं आणि क्षणभर अडली. मनातल्या मनात काहीतरी तपासत होती.

"येते," ती म्हणाली. "बरोबर ना, काका?"

व्याकरणाच्या दृष्टीनं बरोबरच होतं. मी मान डोलावली.