परशाचं तोंड

आप्पांच्या नाकावर माशी बसली की आमचा सगळा वर्ग कामं थांबवून त्या माशीकडे बघत राहायचा. ती नाकावरून गालावर यायची, ओठाच्या कडेनं एक फेरी मारायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातलं पाणी चाखून सावकाश निघून जायची. आप्पांची पापणी लवायची, तेवढंच. माणूस इतका वेळ न हलता बसू शकतो हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. आमच्या घरच्या तंबाखूच्या वखारीत, निपाणीला, दिवसभर बसून काम करणारी माणसं मी लहानपणापासून बघत होतो. पण ती हलत, खोकत, एकमेकांची टवाळी करत. आप्पा बसले की बसले.

बेळगावातली आमची चित्रशाळा म्हणजे एका कौलारू घराची माडी. मुंबईला शिकून आलेले गुरुजी ती चालवत. चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा आणि त्यापुढची वर्षं पार करून आम्ही पाचजण शेवटच्या, वरच्या वर्गात पोचलो होतो. तिथं प्लास्टरची नाकं आणि कान संपायचे आणि जिवंत माणूस समोर बसवून तैलरंगात काढायचा असे. अडचण एवढीच, की जिवंत माणूस मिळत नसे. चित्र काढलं की आयुष्य कमी होतं, अशी गावात पक्की समजूत. एका भाजीवालीला गुरुजींनी कसंबसं आणलं, तर ती अर्ध्या तासात पाटी उचलून चालती झाली. एक टांगेवाला आला, तो बसल्या जागी घोरू लागला. त्याचं झोपलेलं चित्र मात्र आम्ही सगळ्यांनी बरं काढलं.

आप्पा आले ते लढाईमुळं. ते कणकुंबीचे. एकुलता एक मुलगा परशा पलटणीत भरती होऊन समुद्रापलीकडे गेला होता. एक दिवस घरी कागद आला. जांबोटीच्या मास्तरांनी तो वाचून दाखवला: परशा बेपत्ता आहे. आप्पा उठले आणि चालत बेळगावला, कॅम्पातल्या लष्करी कचेरीत आले. तिथल्या कारकुनानं सांगितलं, पुढची बातमी येईपर्यंत थांबा. त्याच्या मनात होतं, घरी जाऊन थांबा. आप्पा कचेरीसमोरच्या झाडाखाली थांबले. तिसऱ्या दिवशीही ते तिथंच तसेच बसलेले बघून गुरुजी सायकलवरून उतरले आणि म्हणाले, "बसायचंच आहे तर आमच्याकडं बसा." तेव्हापासून आप्पा सकाळी आमच्यासमोर बसत आणि दुपारी कचेरीपुढं. मुक्काम शाळेच्या पडवीत.

त्यांच्या बसण्याचं गुपित मी एकदा विचारलं. ते म्हणाले, भात पिकलं की मचाणावर बसून डुकरं राखायची असतात. "डुक्कर माणूस बघत न्हाय, मास्तर. हाललेलं बघतंय." आम्हा सगळ्यांनाच ते मास्तर म्हणत. एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिलीवर त्यांच्या चेहऱ्याची मापं घेणारे आम्ही पाचजण त्यांना नेम धरणाऱ्या शिकाऱ्यांसारखे वाटत, आणि त्याचं त्यांना मनापासून हसू येई. मात्र हसायचे ते विश्रांतीच्या वेळात.

एका गोष्टीचं मात्र त्यांना कधीच हसू आलं नाही. कोळशानं काढलेलं चित्र आम्ही पावाच्या गरानं पुसत असू. खोडरबरानं कागद खरबरीत होतो, म्हणून ही पद्धत. रेशनचे ते दिवस, आणि आम्ही पाव मळून मळून काळा करून फेकून देत होतो. एक दिवस आप्पांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, "खायाच्या वस्तूनं तोंड पुसताय व्हय?" मी शाळेची रीत समजावून सांगितली. त्यांनी मान डोलवली, पण पटलं नव्हतं.

माझं तैलचित्र बरंच पुढं गेलं होतं. एका विश्रांतीत आप्पा उठून माझ्या पाठीशी आले आणि ईझलवरचं चित्र बघू लागले. स्वतःचं तोंड त्यांनी कधी आरशात निवांत पाहिलं असेल असं वाटत नाही. बराच वेळ बघून ते म्हणाले, "ह्यात परशा हाय." गावात सगळे म्हणत, बाप आणि लेक एका साच्यातले. मग त्यांनी मनातलं सांगितलं. बेळगाव स्टेशनावर लढाईवरून परतणारे शिपाई उतरत. आप्पा त्यांना नाव सांगून विचारत, पण परशराम नावाचे किती तरी. तोंड दाखवता आलं असतं तर कुणीतरी ओळखलं असतं. घरात फोटो नव्हता. "माझ्या ह्या तोंडावरनं त्याचं तोंड काढशीला काय, मास्तर? एवढं करा. मग मी त्याला हुडकतो."

गुरुजींनी ऐकलं आणि तिथल्या तिथं नाही म्हणाले. त्यांचा एकच मंत्र होता, तो ते दिवसातून दहादा म्हणत: समोर आहे ते काढ, समोर नाही ते काढू नको. मी बावीस वर्षांचा होतो. कवटीची हाडं मला पाठ होती, गालाचा स्नायू कुठं सुरू होऊन कुठं संपतो हे मी झोपेत सांगितलं असतं. म्हाताऱ्या तोंडावरची तीस वर्षं उतरवायची, यात असं काय मोठं, असं मला वाटलं. आप्पांची कीव आली म्हणून मी हो म्हणालो, असं पुढं बरीच वर्षं मी लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे मला माझी करामत दाखवायची होती.

रोज वर्ग सुटला की आम्ही दोघं बसू लागलो. मी सुरकुत्या काढून टाकल्या, गाल भरले, केस दाट केले. आप्पा डोळे मिटून घेत, परशाला बघत, मग डोळे उघडून कागदाकडे बघत आणि लगेच म्हणत, "न्हाय. ह्यो न्हवं." मी विचारी, नाक रुंद होतं का? हनुवटी पुढं होती का? ते पुन्हा डोळे मिटत. "जरा खाली." मी पावानं पुसे आणि पुन्हा काढी. असे कितीतरी दिवस गेले. हळूहळू त्यांची उत्तरं मंदावली. मग डोळे मिटण्याआधीच ते कागदाकडे बघू लागले. पुढं पुढं त्यांनी डोळे मिटायचंच सोडलं. हे माझ्या लक्षात आलं होतं, हे इथं कबूल करतो. मला वाटलं, आपण जवळ आलो.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "व्हय. ह्योच." आणि रडले. मीही रडलो. मग कोळसा पुसला जाऊ नये म्हणून मी चित्रावर लाखेचं पाणी फुंकलं आणि कोपऱ्यात झोकदार सही केली. परक्याच्या हरवलेल्या मुलाच्या तोंडाखाली माझं नाव.

त्यानंतर आप्पा कचेरीकडे फारसे जाईनासे झाले. गाडीच्या वेळेला ते चित्राची गुंडाळी घेऊन स्टेशनावर उभे राहत. शिपाई थकलेले असत, पण बहुतेकजण थांबून बघत आणि नाही म्हणून मान हलवत. आप्पा प्रत्येकाला चित्र दोन्ही हातांनी दाखवत आणि स्वतःही वरून वाकून बघत. असे काही महिने गेले असतील.

त्या दिवशी मीही स्टेशनावर होतो, निपाणीहून आलेलं गाठोडं घ्यायला. कुबडी घेतलेला एक शिपाई उतरला, खानापूरकडचा. नाव ऐकताच तो थबकला. कणकुंबीचा परशा का, म्हणाला. एकाच तंबूत होते ते दोघं. आप्पांनी चित्राची दोरी सोडली. त्यांनी गुंडाळी उलगडली. शिपायानं चित्राकडे पाहिलं, मग आप्पांकडे, मग पुन्हा चित्राकडे.

"ह्यो कोण?" त्यानं विचारलं.

"परशा."

"न्हाय आप्पा. ह्यो परशा न्हवं."

मग त्यानं जे माहीत होतं ते सांगितलं. रात्री नदी उतरताना परशा पुढं होता, पलीकडे गेल्यावर दिसला नाही. आप्पा ऐकत होते, पण त्यांची नजर कागदावरच होती. शिपाई म्हणाला, परशाच्या डाव्या भिवईत कोयत्याची खोक होती, तिथं केस उगवत नव्हते. तंबूत सगळे त्याला त्यावरून चिडवत. आप्पांनी एकदम वर पाहिलं. "व्हय की. मीच बांधलती." इतके दिवस आम्ही नाक, हनुवटी, गाल करत होतो. भिवईचं मी विचारलं नव्हतं आणि त्यांना आठवलं नव्हतं. फलाटावर उभ्या उभ्या त्यांनी डोळे गच्च मिटले.  मग माझ्याकडे वळून, जराही न रागावता म्हणाले, "मास्तर, डोळं मिटलं की तुमचंच चित्र येतंय. पोरगं दिसंना झालंय."

मी काय म्हणालो ते सांगायची लाज वाटते. मी म्हणालो, खोक काढून देतो.

दुसऱ्या दिवशी आप्पा नेहमीसारखे बसायला आले. गुरुजींनी पाटावर त्यांच्या पावलांभोवती खडूनं आखून ठेवलं होतं, त्यात त्यांनी पावलं ठेवली. पण त्यांना बसता येईना. पापण्या सारख्या मिटत, उघडत, मिटत. हात मांडीवरून उठे. मान फिरे. आम्ही पाचजण कुंचले धरून नुसते बसलो. गुरुजींनी आपला कुंचला खाली ठेवला आणि म्हणाले, "आप्पा, घरी जावा आता." परशाचं चित्र तिथंच भिंतीला टेकवून ठेवून आप्पा गेले. डोळे आधीच रंगवून झाले होते, त्यामुळं माझं तैलचित्र अडलं नाही. त्याच चित्रावर मी मुंबईची परीक्षा वरच्या नंबरानं पास झालो.

लढाई संपल्यावर भातं कापायच्या दिवसांत मी कणकुंबीला गेलो. जांबोटीपर्यंत कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणारी मोटार, पुढं रानातून पायी. बगलेत नवं चित्र होतं. त्या शिपायाला खानापुरात गाठून, त्याला विचारून विचारून मी परशा पुन्हा काढला होता, भिवईतल्या खोकेसकट. माझी खोड गेली नव्हती.

आप्पा पावसाळ्यातच वारले होते. खळ्यावर त्यांची बायको एकटीच भात झोडत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं ओसरीवर नेऊन गूळ-पाणी दिलं आणि शेजारी बसली. बोलताना आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. आप्पा शेवटी दिवसभर उंबऱ्यावर बसत, म्हणाली, पण बसणं पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. सारखे उठायचे आणि तिला विचारायचे, परशाचं नाक कसं गं होतं, हनुवटी कशी होती. ती काही सांगायची नाही. शेजारीण म्हणे, नवरा असा तळमळतोय आणि ही दगडासारखी गप्प.

"का सांगितलं नाहीत, आक्का?" मी विचारलं.

"त्येनी सांगत बसलं, आनि त्येंचं गेलं. माझं तेवढंच ऱ्हायलंय."

 नकळत माझा हात गुंडाळीच्या दोरीकडे गेला. दोन गाठी होत्या, त्यातली एक सुटली. तिनं ते पाहिलं आणि झटकन पदर तोंडावर ओढून भिंतीकडे वळली.

"उघडू नगा, मास्तर. मला अजून दिसतंय."

मी गाठ पुन्हा मारली. घाईत ती नीट बसेना. पदराआडून तिनं विचारलं, बांधलं काय? थांबा, म्हणालो. आणखी एक गाठ मारली, गुंडाळी पाठीमागं ठेवली आणि बांधलं म्हणून सांगितलं. तेव्हा कुठं तिनं पदर खाली घेतला.